मस्टर्डवरचा आळ

१

धुऊन उपडे ठेवलेल्या चमच्यांमधला एक चमचा घसरला आणि सिंकमध्ये टण्णकन पडला. रोवेना जागच्या जागी थबकली. श्वाससुद्धा तिने अर्धाच घेतला. वरच्या खोलीत हॅटी आत्ता कुठे झोपली होती, आणि चार वर्षांच्या पोरीला भर उन्हाळ्यात दुपारी झोपवायचं म्हणजे काय दिव्य असतं ते आयांनाच ठाऊक. वरून कूस बदलल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. रोवेनाने उरलेला श्वास घेतला.

'ड्रोव्हर्स' या त्यांच्या पबमध्ये दिवसातली ही एवढीच वेळ तिची स्वतःची असे. दुपारचे जेवणारे गेलेले, संध्याकाळचे पिणारे अजून यायचे. नवरा, कॅलम, उद्याच्या गर्दीसाठी पाव आणायला बाजाराच्या गावी गेला होता. तिने चहाचा कप ओठांशी नेला, तेवढ्यात मागच्या दारात सावली पडली.

क्लेमेंट हॅझलडाइन उभा होता. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात लाकडाची छोटी डबी आणि लाल लाखेची कांडी. एरवी दारातूनच टोमणा मारल्याशिवाय आत न येणारा माणूस. आज तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"रोवेना, जरा बाहेर येतेस?" तो म्हणाला. "ती नाहीये."

ऑल्डरविक गावात त्या आठवड्यात 'ती' म्हणजे एकच. रोवेनाच्या सासऱ्यांची, एडगर ब्लेझबींची गूजबेरी, आवळ्यासारखं दिसणारं आंबट हिरवं फळ. पबच्या बागेतल्या कोपऱ्यात, जुन्या काळ्या छत्रीखाली आणि पक्ष्यांसाठी लावलेल्या जाळीखाली, एका काटेरी झुडपावर ती गेले दोन महिने वाढत होती. बाकीची सगळी फळं खुडून झुडपाचा सगळा जीव तिच्या एकटीत ओतलेला. कोंबडीच्या अंड्याएवढी झाली होती. उद्या, शनिवारी, याच बागेत गावाचं गूजबेरी प्रदर्शन होतं; सगळ्यात जड फळाला चांदीचा कप. आदल्या दुपारी प्रत्येकाने आपलं फळ दुसऱ्या सभासदासमोर कापायचं आणि त्याने ते डबीत घालून लाखेने बंद करायचं, हा तिथला दीडशे वर्षांचा रिवाज. यंदा चिठ्ठीत एडगरचा साक्षीदार म्हणून क्लेमेंटचं नाव निघालं होतं. सहा वर्षं ओळीने एडगरच्या मागे दुसरा येणाऱ्या क्लेमेंटचं.

रोवेना बाहेर आली. जाळीचा एक कोपरा वर गुंडाळलेला होता. आत झुडूप होतं, पानं होती, काटे होते. ती नव्हती.

एडगर झुडपासमोर उभे होते. सहा फुटांच्या वरचा तो माणूस खांद्यातून वाकल्यासारखा दिसत होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"सकाळी नऊला मी स्वतः पाहिली होती, कुंपणावरून," क्लेमेंट म्हणाला. "चांगली धडधाकट होती. आणि आता बघ तिकडे."

बागेच्या दुसऱ्या टोकाला, पालापाचोळ्याच्या खताच्या ढिगाशी, म्हाताऱ्या अल्बी क्रॅडॉकचा पिवळा कुत्रा मस्टर्ड उभा होता. मिश्या चाटत होता. रोवेना जवळ गेली. त्याच्या पांढऱ्या मिश्यांना हिरवट गर लागला होता, आणि गरात बिया होत्या.

"आरोपी पुरावा चाटून पुसतोय," क्लेमेंट मागून म्हणाला.

२

अल्बी बाकावर झोपला होता. जाग आल्यावर त्याला आधी कळेचना की सगळे आपल्याभोवती का जमलेत. कळलं तेव्हा त्याने मस्टर्डला जवळ बोलावलं, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि मग कुणाकडेच पाहिलं नाही.

तासाभरात गावात बातमी पसरली. मिस ट्रस्कॉट, गूजबेरी मंडळाच्या सेक्रेटरी, सायकलवरून आल्या. नियमांची वही त्यांच्या टोपलीत कायमच असे. त्यांनी वही उघडली नाही, नुसती छातीशी धरली आणि सांगितलं की उद्या अकराला, वजनाच्या आधी, सभासदांची बैठक होईल. विषय एकच. 'ड्रोव्हर्स'च्या आत आणि बागेत यापुढे कुत्री आणू द्यायची की नाहीत. बाग एडगरची, पब एडगरचा. पण प्रदर्शन मंडळाचं, आणि मंडळ म्हणजे अर्धं गाव.

एडगर एवढंच म्हणाले, "मंडळ ठरवेल ते."

रोवेनाला ते खटकलं. हा तोच माणूस होता ज्याने बारवर बरणी ठेवून रोज कुत्र्यांना बिस्किटं वाटली होती. दाराशी पाण्याचं भांडं आधी भरायचं, मग माणसांचे ग्लास, हा त्यांचाच शिरस्ता.

अल्बी उठला. त्याने मस्टर्डच्या गळ्यात दोरी अडकवली.

"थांबा ना अल्बी, अजून काही ठरलेलं नाहीये," रोवेना म्हणाली.

"ठरलंय गं पोरी. क्लेमेंटचं तोंड बघ की, ठरलंय." त्याने दोरीची गाठ आवळली. "ह्याला बाहेर बांधून मी आत बसून पिऊ? मग मीच बाहेर बरा. घरी केटल आहे माझी."

घरी केटल होती आणि दुसरं कुणीच नव्हतं. अल्बीची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. दिवसभरात तो माणसांशी बोले ते इथेच, साडेतीन ते सहा, आणि तेसुद्धा बरंचसं मस्टर्डला मध्ये घालून. 'मस्टर्ड म्हणतोय आज बिअर बरी उतरलीय' असं. कुत्रा नसता तर तो बोललाच नसता.

आणि रोवेनाला दुसरंही काही आठवत होतं. हॅटी तीन महिन्यांची असताना पोटदुखीने दिवस दिवस रडायची. रोवेना एका हाताने बिअरचा पंप ओढायची आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसायची. तेव्हा एके दुपारी अल्बीने न विचारता बाबागाडी आपल्या बाकाशी ओढून घेतली होती. पायाने गाडी हलवत, पेपर वाचत तो बसायचा. मस्टर्ड गाडीखाली आडवा. हॅटीला त्या कुत्र्याच्या घोरण्याने झोप यायची. तो सगळा हिवाळा त्या दोघांनी रोवेनाला उभं ठेवलं होतं.

अल्बी फाटकापर्यंत गेला, वळला नाही. मस्टर्डने मात्र वळून बिस्किटांच्या बरणीच्या दिशेने एकदा पाहिलं.

उद्या अकरापर्यंत वेळ होता. रोवेनाने एप्रन सोडला आणि झुडपाकडे निघाली.

३

ती गुडघ्यांवर बसली आणि छत्रीखाली डोकं घातलं. काट्याने दंडावर ओरखडा काढला. तिने पानं बाजूला केली आणि थांबली.

खाली एक बशी होती. काठोकाठ भरलेली.

बशीचं गुपित गावात सगळ्यांना माहीत होतं. फळाच्या खाली बशी ठेवायची, फळाचा शेंडा पाण्याला जेमतेम टेकेल इतकंच पाणी घालायचं, मग फळ दिवसभर हळूहळू पितं आणि फुगतं. एडगर रोज सकाळी चमच्याने मोजून पाणी घालत. पण शेवटच्या आठवड्यात नाही. तेव्हा साल कागदासारखी पातळ झालेली असते, पाणी पूर्ण बंद. बशी कोरडी हवी होती.

आणि दुसरं असं की मस्टर्ड पाण्याचा भयंकर हावरट. फुलदाणीतलं पाणी सोडत नसे, बारवर बिअर सांडली तर पुढचे पाय टेकून चाटे. त्याने ते फळ ओढलं असतं तर त्याची हनुवटी नेमकी या बशीत आली असती. असल्या उकाड्यात भरलेली बशी मस्टर्डने जशीच्या तशी सोडली?

तिने बशी अलगद उजेडात घेतली. तळाशी पाच-सहा बिया आणि गराचा एक पातळ धागा.

ती फुटली होती. झाडावरच, बशीच्या वरच फुटली होती.

रोवेना खताच्या ढिगाकडे गेली. झुडपापासून ते ढिगापर्यंत चांगली वीस पावलं. दहा मिनिटं उकरल्यावर बटाट्याच्या सालांवर तिला एक देठ सापडला, गव्हाच्या दाण्याएवढा, तिरका आणि स्वच्छ कापलेला. कुत्र्याने फळ खाल्लं होतं आणि देठ थुंकून दिला होता. पण तो इथे. कुणीतरी ते कापून इथे टाकल्यावर.

संध्याकाळी सातला पब भरू लागला. क्लेमेंट नेहमीच्या स्टुलावर येऊन बसला. ग्लास भरता भरता तिने सहज विचारावं तसं विचारलं, की शेवटच्या आठवड्यात कुणी बशीत पाणी घातलं तर काय होईल. त्याने तिच्याकडे असं पाहिलं जणू तिने विचारलं होतं, तान्ह्या बाळाला व्हिस्की पाजली तर काय होईल.

"खून होईल, खून. तीन तास उन्हात राहिली पाणी पीत, की ठप्. चिरली मधोमध. आणि चिरलेली, पाझरणारी गूजबेरी तराजूवर चढवत नाहीत, तुला ठाऊक नाही? सून कुणाची तू?" मग ग्लासात बघत तो जरा खाली आवाजात बोलला. तिला वाटलं होतं त्याहून बराच वेळ बोलला. सहा वर्षं तो दुसरा आला होता. यंदा त्याची गूजबेरी एडगरच्या तोडीची होती. त्याला ती तराजूवर जिंकायची होती, समोरासमोर. आता कप मिळेल आणि जन्मभर लोक म्हणतील, क्लेमेंटला कुत्र्याने जिंकवलं. म्हणून त्याचा त्या कुत्र्यावर राग होता, दुसरं काही नाही.

रोवेनाने ग्लास पुसता पुसता विचार केला. पाण्याने ती मरते हे ज्याला इतकं पक्कं माहीत आहे, त्यालाच ती मारताही आली असती. सकाळी नऊला कुंपणाशी होताच हा.

पण मग पुढे काय? पाणी घालून फोडणाऱ्याला ती फुटलेली सगळ्यांना दिसायला हवी. तो ती झाडावरच ठेवील. इथे कुणीतरी ती कापली होती, दूर नेऊन टाकली होती, लपवली होती. फुटलेलं फळ लपवतो तो ज्याला ते फुटल्याचं कुणाला कळू द्यायचं नाही, तो.

म्हणजे हात दोन होते. बशी भरणारा एक आणि देठ कापणारा दुसरा.

आणि कापणाऱ्याने, टाकून द्यायच्या फळालासुद्धा, नियमात सांगितल्याप्रमाणे गव्हाच्या दाण्याएवढा देठ ठेवला होता. बोटांची सवय. ती बोटं मुरलेल्या माणसाची होती. क्लेमेंट बागेत आला तो साडेचारला, एडगरच्या सोबतच. त्याआधी बागेत मुरलेलं माणूस एकच होतं.

बारच्या पलीकडे एडगर बिस्किटांची बरणी पुसत होते. रिकामी असल्यासारखी, पुन्हा पुन्हा.

४

शनिवारी सकाळी तंबूच्या दोऱ्या आवळल्या जात होत्या आणि मिस ट्रस्कॉट पितळी तराजू उलगडत होत्या, तेव्हा हॅटी रोवेनाच्या पायात घोटाळत होती. तिची लाल बादली सापडत नव्हती.

"कुठे ठेवलीस काल?"

"तिथेच."

चार वर्षांच्या माणसाचं 'तिथेच' शोधायला वेळ लागतो. रोवेनाने वाळूचा खड्डा पाहिला, पावसाचं पाणी साठवायच्या पिंपामागे पाहिलं, बाकांखाली पाहिलं. मग एडगरच्या अवजारांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं म्हणून आत डोकावली. फावडी, सुतळी, शेतीची जुनी मासिकं. आणि वर, छताच्या तुळईजवळ, तिला स्वतःला हात पोचणार नाही इतक्या उंच खिळ्यावर, लाल बादली.

रोवेना तिथेच एका उलट्या कुंडीवर बसली.

बाहेर आल्यावर तिने हॅटीला जवळ घेतलं आणि केस नीट करत करत, कशाचंच काही नसल्यासारखं, काल सकाळी काय काय खेळलीस ते विचारलं. हॅटीने सगळं सांगितलं. गोगलगायीला घर केलं. तंबूवाल्या काकांना दगड दिला. आणि पाणी घातलं. कुणाला? तर ग्रॅम्प्सच्या, म्हणजे आजोबांच्या, बेरीला. ग्रॅम्प्स रोज तिला पाणी देतात, पण आता कितीतरी दिवस विसरलेत. तिला तहान लागली होती. म्हणून हॅटीने बादली भरून आणली आणि छत्रीखाली सरपटत जाऊन बशी भरली. काटा लागला तरी रडली नाही.

तिने दंड दाखवला. रोवेनाच्या दंडावर होता तसाच ओरखडा, फक्त छोटा.

तंबूवरचं घड्याळ पावणेअकरा दाखवत होतं. रोवेनाने आपल्या मुलीच्या ओरखड्यावर ओठ टेकले आणि तिला पहिल्यांदा खरंखुरं भय वाटलं. आता गप्प बसलं तर कुणालाच काही कळणार नव्हतं. कुत्रा बोलू शकत नव्हता.

५

एडगर खोलीत आले तेव्हा ती बादली खिळ्यावरून काढायला खोक्यावर चढली होती. त्यांनी दार लावलं.

"कधीपासून ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"अर्धं कालपासून. अर्धं आत्ता."

त्यांनी खिशातली छोटी कात्री काढून फळीवर ठेवली, जणू पोलिसासमोर. साडेतीनला ते बघायला गेले तेव्हा ती चिरलेली होती. बशी भरलेली आणि शेजारी बादली. त्यांनी विचार केला नाही, हातांनीच सगळं केलं.

"रो, तुला माहीत नाही हे गाव," ते म्हणाले. "मी सात वर्षांचा होतो. बापाची गूजबेरी हातात घेऊन बघायला गेलो आणि पडली. फुटली. फोड्या म्हणायला लागले मला. शाळेत फोड्या. फुटबॉलच्या टीममध्ये फोड्या. माझ्या लग्नात भाषण करायला उठलेल्याने सुरुवात केली, 'आपला फोड्या…' आणि सगळा हॉल हसला. मग ही बाग घेतली, सोळा वेळा कप जिंकला, तेव्हा कुठे गप्प बसले." ते थांबले. "हॅटीला नको होतं मला तसलं नाव. चौथ्या वर्षी चिकटलं की जात नाही. कुत्र्याला काय, म्हटलं, कुत्र्याला नाव चिकटत नाही."

"अल्बीला चिकटलं ना, एडगर."

त्यांनी फळीवरची कात्री उगाच सरळ केली.

"तो काल इथून गेला तेव्हा तुम्ही त्याच्या पाठीकडे बघत होतात. मी तुमच्याकडे बघत होते."

"तुझी पोर आहे ती," ते हळूच म्हणाले. "तू म्हणशील तसं. तू म्हणालीस गप्प बसा, तर मरेपर्यंत बसेन."

बाहेर हॅटी कुणाला तरी सांगत होती की आज तिची बादली सापडणार आहे. रोवेनाने खोक्यावरून खाली उतरून बादली पाठीमागे लपवली नाही. ती हातात तशीच धरली.

"नाव लोक ठेवतात तेव्हा आपण शेजारी उभं राहायचं असतं," ती म्हणाली. "तुमच्या शेजारी तेव्हा कुणी उभं नव्हतं. तिच्या शेजारी मी आहे."

तेवढ्यात बारवरची घंटा वाजली. मिस ट्रस्कॉट बैठकीला बोलावत होत्या.

६

आतली खोली खचाखच भरली होती. ठराव मिस ट्रस्कॉटनी वाचला आणि विरोधात कुणाला काही बोलायचं आहे का म्हणून रिवाजाप्रमाणे विचारलं. कुणी बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं, कारण त्यांनी लगेच पेनाचं टोपण काढलं.

"मला," रोवेना म्हणाली.

तिने बारवर बशी ठेवली, शेजारी देठ. मग सावकाश, उपाहाराची ऑर्डर समजावून सांगावी तसं तिने सांगितलं. भरलेली बशी, जी मस्टर्ड सोडूच शकत नाही. हसू फुटलं, कारण प्रत्येकाची कधी ना कधी बिअर मस्टर्डने संपवली होती. बशीतल्या बिया, म्हणजे ती झाडावरच चिरली. वीस पावलांवर सापडलेला कापलेला देठ. "कुत्र्याने कात्री कुठे ठेवलीय ते कुणाला माहीत असेल तर सांगा," ती म्हणाली. मस्टर्डने ते फळ खाल्लं खरं, पण कचऱ्यातलं. आणि कचऱ्यातलं खाणं हा गुन्हा असेल तर या खोलीतल्या निम्म्या कुत्र्यांना आजच बाहेर काढा. क्लेमेंटकडे बघून तिने तेही सांगितलं, की तो निर्दोष आहे, कारण फोडणारा लपवत नसतो. क्लेमेंटला आपल्यावर संशय होता हेच तोपर्यंत ठाऊक नव्हतं. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मग कापली कुणी?" मागून कुणीतरी विचारलं.

एडगर उभे राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"मी कापली," ते म्हणाले. "आणि माणसाने जे बोलायला हवं ते काल बोललो नाही. कुत्र्याच्या नावावर ढकललं. अल्बीची माफी मी त्याच्या दारात जाऊन मागेन, पण आधी इथे सांगतो."

"पण पाणी?"

एडगरनी तोंड उघडलं. रोवेनाने त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि हॅटीला उचलून कडेवर घेतलं, बादलीसकट.

"पाणी माझ्या मुलीनं घातलं. तिला वाटलं, त्या बेरीला तहान लागलीय."

सगळे हॅटीकडे बघत होते. हॅटी सगळ्यांकडे.

क्लेमेंट स्टुलावरून उतरला. टोपी काढून बारवर ठेवली.

"छत्तीस वर्षं गूजबेरी लावतोय," तो म्हणाला. "नऊ फोडल्यात पाणी घालून. नऊ. त्यातल्या सात बायकोच्या नावावर घातल्या. ती बिचारी झुडपाजवळ फिरकलीही नव्हती."

कुणीतरी खोकलं. मग कोपऱ्यातून आवाज आला, माझ्या चार. दुसरीकडून, मी तर ह्याच वर्षी, गेल्या बुधवारी, म्हणून आजच्या यादीत माझं नाव नाही. हात वर होत गेले. मिस ट्रस्कॉटनी वही मिटली, चष्मा काढून पुसला आणि कुणी विचारलं नसताना सांगितलं की त्यांनी स्वतः ज्या वर्षी फोडली त्या वर्षी ती परसात पुरली, आणि वर पॅन्झीची फुलझाडं लावली. खोली फुटल्यासारखी हसली. एडगर त्या वर झालेल्या हातांकडे बघत उभे होते. सत्तर वर्षं त्यांना वाटत आलं होतं की ते एकटेच आहेत.

ठराव मतालाच गेला नाही.

एडगर टोपी न घालता रस्त्यावर निघाले. रोवेना हॅटीला घेऊन दारात आली. अल्बी समोरच्या बसथांब्याच्या भिंतीवर बसला होता, मस्टर्ड पायाशी. सकाळपासून तिथेच असावा. घरी केटल असून. एडगर त्याच्यासमोर उभे राहिले, बोलले. अल्बीने त्यांना बराच वेळ उभं ठेवलं, रस्त्याच्या पलीकडूनही ते बरोबर वाटत होतं. मग एडगर दुखऱ्या गुडघ्यांवर वाकले आणि कुत्र्याशीही काहीतरी बोलले.

"त्याला माफी नको," अल्बीचा आवाज इकडे आला. "सॉसेज म्हणतोय. दोन."

ते तिघे रस्ता ओलांडून आले तेव्हा कुणी काही ठरवलेलं नव्हतं, पण आतली सगळी माणसं उठून उभी राहिली आणि टेबलांवर ग्लास आपटायला लागली. बाकीची कुत्री भुंकायला लागली. मस्टर्ड शेपटी हलवत मधून चालत आला, गावाचा सरपंच असल्यासारखा, थेट बरणीकडे. अल्बीच्या गालांवर ओल होती आणि तो सगळ्यांना सांगत होता की मस्टर्ड म्हणतोय, आवाज जरा कमी करा.

दुपारी तराजूवर क्लेमेंटची गूजबेरी चढली आणि पारडं असं खाली गेलं की मिस ट्रस्कॉटनी दोनदा तपासलं. 'ड्रोव्हर्स'च्या बागेत आजवर तोललेल्या सगळ्या बेऱ्यांपेक्षा ती जड निघाली. गेल्या वर्षीच्या एडगरच्या बेरीपेक्षाही. एडगरनीच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. क्लेमेंटने चांदीचा कप दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, लहान पोरासारखा हसला, आणि मग गवतावर बसून त्यात पाणी ओतलं आणि मस्टर्डसमोर ठेवला.

मस्टर्डने पिताना कान कपात बुडवले. सगळी बाग बघत होती. एडगर अल्बीच्या बाकावर त्याच्या शेजारी बसले होते, दोघांच्या हातात एकेक ग्लास, आणि दोघांच्या तोंडून एकदमच काहीतरी निघत होतं. उन्हात स्वीट पीच्या फुलांचा वास होता. रोवेनाला वाटलं, ही दुपार डबीत घालून वरून लाख लावून ठेवता आली असती तर.

हॅटी तिच्या मांडीवर बसून कप रिकामा होताना पाहत होती. फार लक्ष देऊन पाहत होती, भुवया जवळ आणून, तिच्या आजोबांसारखी. कप रिकामा झाला तरी मस्टर्ड तळ चाटत राहिला. मग तो थांबला, आपला आपणच, आणि सावलीत जाऊन आडवा झाला.

"मम्मी," हॅटी म्हणाली, "कुणाला किती तहान लागलीय ते बाहेरून कसं कळतं?"